वाचकांचे प्रश्न : खूण मागायची की पारख करायची?

नोकरी, लग्न, शिक्षण, उपचार. या वेळी आलेल्या पत्रांचे विषय निरनिराळे आहेत, पण शेवटची ओळ जवळजवळ सगळ्यांची सारखीच आहे : देवाची इच्छा नेमकी ओळखायची कशी? पत्रे आटोपशीर करून छापली आहेत. नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : दुसऱ्या देशात नोकरी मिळते आहे. प्रार्थना करून डोळे मिटले, पवित्र शास्त्र उघडले आणि बोट ठेवले. अब्राहामाला देश सोडून जायला सांगितले ते वचन निघाले. पत्नीला खात्री वाटेना, म्हणून तिने पुन्हा उघडायला लावले. तेव्हा यिर्मयाचा ४२ वा अध्याय निघाला : याच देशात राहा, मिसर देशात जाऊ नका. आता कोणते वचन खरे धरायचे?

दोन्ही वचने खरी आहेत, पण दोन्ही तुमच्या नोकरीविषयी नाहीत. पहिले वचन पुरेसे वाटले असते तर दुसऱ्यांदा शास्त्र उघडलेच नसते. यातच या पद्धतीचा दोष दिसतो. मनाला पटेपर्यंत पाने उलटत राहायची आणि पटले की त्याला उत्तर म्हणायचे, असे ते होते.

ही सवय फार जुनी आहे आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, तिला फार पूर्वीच विरोध केला आहे. इ. स. ५०६ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या आग्द येथे भरलेल्या धर्मसभेने शास्त्राची पाने उघडून भविष्य पाहण्याला बंदी घातली. संत ऑगस्टीनने ३८६ मध्ये मिलानमधल्या बागेत शास्त्र उघडले आणि त्याचे आयुष्य पालटले, हे उदाहरण बरेच जण देतात. पण त्याच्यासमोर आला तो रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायातला भाग, म्हणजे भोगविलास सोडून ख्रिस्ताला परिधान करण्याची आज्ञा. ती आज्ञा सगळ्यांनाच आहे. नोकरी कुठे करावी हे त्याने त्या पानाला विचारले नव्हते. पुढे त्यानेच एका पत्रात, ऐहिक कामांसाठी शुभवर्तमानाची पाने उघडून कौल घेणे आपल्याला पसंत नाही, असे लिहिले.

चिठ्ठ्यांचेही तेच. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७३७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत सोफी हॉपकीशी लग्न करावे की नाही यासाठी तीन चिठ्ठ्या केल्या : लग्न कर, या वर्षी विचार नको, पुन्हा कधीच विचार नको. तिसरी निघाली. थोड्याच दिवसांत तिचे दुसरीकडे लग्न झाले. पुढे वेस्लीने तिला प्रभुभोजन नाकारले, प्रकरण न्यायालयात गेले आणि डिसेंबरात त्याला वसाहत सोडून जावे लागले. चिठ्ठीने प्रश्न बंद केला, पण मनातला गुंता तसाच राहिला. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या हे खरे. मात्र त्याआधी त्यांनी निकष लावले होते, त्यात बसणारी दोन माणसे पुढे केली होती आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली होती. पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवसानंतर मात्र प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून निर्णय घेतल्याचा उल्लेख नव्या करारात पुन्हा येत नाही.

तरीही यिर्मयाचा तो अध्याय मिटवून ठेवू नका. बोट उचला आणि ४० ते ४३ हे चार अध्याय एका बैठकीत वाचा, वीसेक मिनिटे लागतील. यरुशलेम बाबेलच्या हाती पडले आहे, बाबेलने नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून झाला आहे, उरलेले लोक बाबेलच्या भीतीने मिसराच्या वाटेला लागले आहेत आणि बेथलेहेमाजवळ थांबले आहेत. तिथून ते यिर्मया संदेष्ट्याला म्हणतात, देवाला विचार. तो बरे सांगो की वाईट, आम्ही ऐकू. उत्तर यायला दहा दिवस लागतात. उत्तर येते, ‘जाऊ नका’, आणि ते म्हणतात, ‘तू खोटे बोलतोस.’ विचारले तेव्हाच त्यांचे सामान बांधलेले होते.

तेव्हा आधी एवढे तपासा : तुमचे सामान मनात बांधून झाले आहे का? शांत बसा आणि देवाने स्पष्ट ‘नको’ म्हटले आहे अशी कल्पना करा. मग स्पष्ट ‘जा’ म्हटल्याची करा. दोन्ही वेळा पहिल्या मिनिटात मनात काय आले ते लिहून ठेवा. ते उत्तर नव्हे, पण तुमचा कल कुठे आहे ते त्यातून कळेल, आणि कल माहीत नसताना केलेली पारख फसते. त्यानंतर माहिती काढा : करार किती वर्षांचा, मधेच सोडला तर काय भरावे लागेल, कुटुंबाला सोबत नेता येते का, मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे कोण बघणार, तिथे उपासनेला जायला मंडळी आहे का. ‘प्रभू, मार्ग दाखव’ म्हणायचे आणि कराराचे कागद मात्र न वाचता ठेवायचे, असे करू नका. कागद वाचणे हाही त्या प्रार्थनेचाच भाग आहे.

प्रश्न : मला पूर्णवेळ सेवेचे पाचारण (देवाचे बोलावणे) आहे असे वाटते. नोकरी सोडून बायबल कॉलेजला प्रवेश घ्यायचा की नाही, हे सहा आठवड्यांत कळवायचे आहे. रोज प्रार्थना करतो, पण तेच तेच शब्द होतात. नेमके करू काय?

सहा आठवडे पुरतात. मात्र शेवटच्या रात्रीवर काही ढकलू नका.

पहिला आठवडा प्रश्न नीट मांडण्यात घालवा. ‘देवाला माझ्याकडून काय हवे आहे?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. ‘येत्या सत्रापासून नोकरी सोडून तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचे का?’ याला देता येते. तुमच्या पत्रात तर चार प्रश्न एकमेकांत अडकले आहेत : सेवा करायची का, त्यासाठी शिकायचे का, आताच का, आणि नोकरी सोडूनच का. चारांची चार उत्तरे येऊ शकतात. चार कागद करा. प्रत्येकावर एक प्रश्न, खाली ठाऊक असलेले, त्याखाली ठाऊक नसलेले. फी किती, दुसऱ्या वर्षी घर कशावर चालेल, पत्नीचे खरे मत काय, ती पदवी तुमची मंडळी मानते का, शिक्षणानंतर दीक्षा मिळण्याची शक्यता किती. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभूनेच लूक १४ मध्ये सांगितले आहे. हिशेब केला म्हणून विश्वास कमी पडत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोलून बघा. येशूसंघाचा संस्थापक, लोयोलाचा संत इग्नेशियस याने यासाठी घालून दिलेली रीत १५४८ पासून पोपच्या मान्यतेने चालत आली आहे, आणि कॅथलिक नसलेल्यांनाही ती वापरायला हरकत नाही. तोलण्याआधी त्याची एक अट आहे : मन तराजूच्या काट्यासारखे मधोमध यावे, एवढीच प्रार्थना करायची. काटा आधीच एका बाजूला झुकला असेल तर तोलून उपयोग नाही. काट्याला मधोमध यायला तीन-चार दिवस लागले तर लागू द्या.

मग एका पानावर चार रकाने पाडा : गेलो तर लाभ, गेलो तर हानी, राहिलो तर लाभ, राहिलो तर हानी. दोनच रकाने पाडले तर माणूस नव्या वाटेचे फायदे भराभर लिहितो आणि राहण्यातले लाभ कागदावर उतरतच नाहीत. प्रत्येक मुद्द्यापुढे खूण करा : हे देवाच्या आणि शेजाऱ्याच्या सेवेसाठी आहे, की माझ्या भीतीसाठी, नावासाठी, सोयीसाठी? मुद्दे मोजू नका. नऊ हलके मुद्दे एका जड मुद्द्यापुढे टिकत नाहीत. हाच कागद वेगवेगळ्या तीन दिवशी कोरा घेऊन पुन्हा लिहा. एकदा सकाळी, एकदा कामावरून थकून आल्यावर, एकदा उपासनेनंतर. तिन्ही कागदांवर जे आले ते वजनदार. फक्त थकलेल्या रात्री जे आले ते बहुधा थकव्याचे.

इग्नेशियसची आणखी तीन चित्रे आहेत. कधी न पाहिलेला माणूस हाच प्रश्न घेऊन आला, तर त्याचे भले व्हावे म्हणून त्याला काय सांगाल? मरणाच्या वेळी कोणता निर्णय घेतला होता असे वाटावे? न्यायाच्या दिवशी देवासमोर उभे राहताना? प्रत्येकाचे उत्तर पाच ओळींच्या आत लिहा. लांबले की आपण स्वतःची समजूत घालायला लागतो.

त्यापुढचे सहा दिवस असे घालवा : तीन दिवस ‘जायचे ठरले’ असे धरून जगा, तीन दिवस ‘राहायचे ठरले’ असे धरून. कोणाला सांगू नका. रोज रात्री दोनच ओळी लिहा : आज विश्वास, आशा, प्रीती कशाने वाढली आणि मन कशाने आकसले. उत्साह मोजू नका, तो पहिल्या दिवशी नव्या गोष्टीचा असतोच.

चौथ्या आठवड्यात मंडळीकडे जा. ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि तिथेच सर्वांत जास्त नुकसान होते. पाचारण आतूनही येते आणि बाहेरूनही यावे लागते. अंत्युखियात पवित्र आत्म्याने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळे करायला सांगितले ते मंडळी उपास व उपासना करत असताना, आणि ते दोघे त्याआधीच तिथे शिकवत होते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो, अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, नवशिका नसावा. सेवकांची आधी पारख व्हावी. तुमच्या मंडळीतल्या तिघांना विचारा : गेल्या वर्षभरात माझ्या हातून कोणाचा विश्वास वाढलेला तुम्ही पाहिला का? माझ्यात काय कमी दिसते? ‘छान, छान’ म्हणून विषय बदलला तर पुन्हा विचारा. गेल्या वर्षात तुम्ही एकही वर्ग घेतला नसेल, आजाऱ्याच्या उशाशी बसला नसाल, तर आमचे मत स्पष्ट आहे : यंदा प्रवेश घेऊ नका. नोकरी सांभाळून वर्षभर ते काम करा.

पाचव्या आठवड्यात निर्णय घ्या, तारीख घालून लिहा, प्रभूपुढे ठेवा आणि सात दिवस थांबा. या सात दिवसांत आकाशात खूण शोधायची नाही. नवी माहिती येते का आणि निर्णय मनात घट्ट होतो की विरतो, एवढेच बघायचे. सहाव्यात कळवा.

आणि वरिष्ठाशी भांडण झाल्यापासून पाचारण जास्त ठळक वाटू लागले असेल, तर आधी ते भांडण मिटवा. पळून जाणे आणि पाठवले जाणे बाहेरून सारखेच दिसते.

प्रश्न : आमचे लग्न ठरले आहे. दोन्ही घरांची, मंडळीची हरकत नाही. पण माझ्या मनाला शांती नाही. ‘शांती नसेल तर ती देवाची इच्छा नाही,’ असे मैत्रिणी सांगतात. लग्न मोडू का?

ताई, शांतीचे हे माप शास्त्राला धरून नाही. योना देवापासून पळत होता. याफोला गेला तर तार्शीशचे जहाज तयार, भाडे भरले आणि वादळातही तळाशी गाढ झोपला. दार उघडे होते, मनही शांत होते, आणि माणूस मात्र उलट दिशेने चालला होता. याउलट गेथशेमाने बागेत प्रभू पित्याच्या इच्छेच्या मधोमध होता, आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. कलस्सैकरांस पत्रात ख्रिस्ताची शांती अंतःकरणात राज्य करो असे म्हटले आहे ते एका शरीराच्या अवयवांना उद्देशून, म्हणजे एकमेकांशी कसे वागावे याबद्दल. फिलिप्पैकरांस पत्रातली शांती प्रार्थना करणाऱ्याचे मन राखते. ती होकार-नकाराचा दिवा नव्हे.

म्हणून अशांती झटकूनही टाकू नका आणि तिला निकालही समजू नका. तिचे नाव शोधा. आठवडाभर जेव्हा जेव्हा ती येईल तेव्हा वेळ आणि प्रसंग लिहा. एकटी असताना, घर बदलेल, जबाबदारी येईल या विचाराने येते? मग ती बदलाची भीती आहे. ती बहुतेकांना वाटते आणि बोलून कमी होते. त्याला भेटून आल्यावर येते? फोन ठेवल्यावर येते? मग ती काहीतरी सांगते आहे. आपल्यापेक्षा दुबळ्या माणसावर तो चिडताना तुम्ही पाहिला आहे का? कर्ज, आजार, आधीचे नाते यांविषयी त्याने आपणहून सांगितले, की दुसऱ्याकडून कळले? तुमच्या सांगण्यावरून त्याने कधी मत बदलले आहे का? चुकल्यावर ‘माझे चुकले’ एवढेच म्हणतो, की त्यापुढे ‘पण तू’ येते? अशा जागी मन अडखळत असेल तर त्याला भावना म्हणून बाजूला सारू नका, ती माहिती आहे. पाळकांसमोर दोघांनी बसून ती उघड बोला.

मन अगदी काळवंडलेले असताना आधी केलेला निर्णय फिरवू नये, असा इग्नेशियसचा नियम आहे. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणावर पडला असताना त्याच्या ध्यानात आले होते की काही विचार येताना गोड लागतात आणि गेल्यावर मन कोरडे ठेवतात. काही विचार गेल्यावरही आनंद मागे ठेवतात. तेव्हा दोन वाईट रात्रींवरून लग्न मोडू नका. मात्र तारीख पुढे ढकलायला हा नियम आड येत नाही. पत्रिका छापल्या आहेत हे लग्न करण्याचे कारण होऊ शकत नाही.

पौलाने १ करिंथकरांस ७:३९ मध्ये विधवेला सांगितले ते तुम्हांलाही लागू आहे : तिची इच्छा असेल त्याच्याशी, फक्त प्रभूमध्ये. तिची इच्छा त्याने विचारात घेतली आहे.

एक गोष्ट या सगळ्यापासून वेगळी. त्याने हात उगारला असेल, धमकावले असेल, तुमचे फोन-पैसे ताब्यात घेतले असतील, तर पारख, उपास, शांती यांतल्या कशाचीही वाट बघू नका. आजच विश्वासातल्या माणसाला सांगा आणि दूर व्हा.

प्रश्न : प्रार्थनासभेत एक बंधू म्हणाले, ‘प्रभूने मला दाखवलंय, राहतं घर विकून पैसा सेवेला द्या.’ आम्ही दोघे घाबरलो आहोत. नाही म्हटले तर पवित्र आत्म्याचा अपमान होईल का?

नाही. आत्मा विझवू नका असे सांगणारा पौल लगेच पुढे म्हणतो, सर्व गोष्टींची पारख करा. पारख करणे ही आज्ञाच आहे. १ राजे १३ वाचा. देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती की बेथेलात जेवू नको, परत त्याच वाटेने येऊ नको. एक म्हातारा संदेष्टा त्याला म्हणाला, मलाही देवदूताने सांगितले आहे, घरी चल. तो खोटे बोलत होता. देवाच्या माणसाने ऐकले आणि वाटेत सिंहाने त्याला मारले. ‘प्रभूने सांगितले’ या शब्दांनीच तो फसला.

संदेश खरा असला तरी निर्णय ज्याचा त्याचाच राहतो. अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि यरुशलेमेत काय होईल ते सांगितले. जाऊ नको हा अर्थ बाकीच्यांनी काढला, रडले, विनवले. पौल गेला.

घराविषयी तर प्रेषितांची कृत्ये ५:४ पुरे आहे. जमीन विकून पैशातला काही भाग लपवणाऱ्या हनन्याला पेत्र विचारतो : ते विकण्याआधी तुझेच नव्हते का, आणि विकल्यावरही पैसा तुझ्याच हाती नव्हता का? हनन्याचा गुन्हा खोटे बोलण्याचा होता, न देण्याचा नव्हे.

त्या बंधूंना एवढेच सांगा : ‘तुमचे शब्द तारखेसह लिहून ठेवले आहेत. आम्ही प्रार्थना करू आणि मंडळीच्या वडिलांना दाखवू.’ भला माणूस यावर नाराज होत नाही. मग चार गोष्टी बघा. पैसा कोणाच्या हातात जाणार? लवकर करा असा तगादा आहे का? कोणाला सांगू नका म्हटले का? न दिल्यास शाप, आजार, अपघात यांची भीती घातली का? शेवटच्या तिहींतले एकही ‘हो’ असेल तर विषय तिथेच संपवा. मंडळीला कळवा म्हणजे दुसरे घर वाचेल. सभेच्या संध्याकाळी, डोळ्यांत पाणी असताना, कोणत्याही कागदावर सही करू नका.

प्रश्न : सल्ला घ्यावा म्हणतात, पण दहा जणांना विचारले तर दहा मते पडतात. कोणाला विचारावे?

रहबाम राजानेही दोन्हीकडे विचारले होते, वडीलधाऱ्यांना आणि बरोबरीच्या मित्रांना. मग जे ऐकायचे होते ते निवडले आणि राज्य दुभंगले. प्रश्न माणसांच्या संख्येचा नाही, बसण्याच्या पद्धतीचा आहे.

क्वेकर ख्रिस्ती सतराव्या शतकापासून एक बैठक घेत आले आहेत. सुरुवातीला ती लग्न ठरवणाऱ्यांसाठी होती, आता कोणत्याही मोठ्या निर्णयासाठी घेतात. चार ते सहा माणसे बोलवा : विश्वासात मुरलेला एक, त्या कामातले जाणणारा एक, तुमचे दोष ठाऊक असलेला एक, आणि तुमच्या निर्णयाने ज्याचा काही नफा-तोटा नाही असा निदान एक. ज्याचे तुम्ही देणे लागता त्याला बोलावू नका. आठवडाभर आधी एक-दोन पानांत प्रश्न लिहून सगळ्यांना द्या. बैठक दोन तासांची. एक जण वेळ सांभाळतो, एक लिहून घेतो. सुरुवात शांततेने होते.

नियम एकच, आणि तोच पाळायला अवघड : कोणी सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचे. तेही उत्तर आधीच ठाऊक नसलेले प्रश्न. ‘तू आईशी बोलायला हवे असे तुला नाही वाटत?’ हा प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे. ‘आईशी बोलायचा विचार मनात आला की काय होते?’ हा प्रश्न आहे. एका उत्तरानंतर लगेच दुसरा प्रश्न न टाकता थोडे थांबायचे. त्या गप्प मिनिटात पुष्कळदा माणूस स्वतःच पुढचे वाक्य बोलतो, आणि जे इतके दिवस शब्दांत आले नव्हते ते नेमके त्या वाक्यात असते. बैठकीतले बोलणे बाहेर जात नाही, आणि त्या माणसाने काढल्याशिवाय नंतर कोणी विषयही काढत नाही. बैठक फसते ती बहुधा शेवटच्या अर्ध्या तासात, कुणाला तरी राहवत नाही आणि तो ‘मी तुझ्या जागी असतो तर’ म्हणून सुरू होतो. वेळ सांभाळणाऱ्याने त्याला तिथेच थांबवावे.

कॅथलिक वाचकांसाठी एक सूचना : हे सगळे पापनिवेदनाच्या रांगेत उरकू नका. तो संस्कार क्षमेसाठी आहे आणि मागे माणसे उभी असतात. फादरांकडे वेगळा तास मागून घ्या.

प्रश्न : डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे. मला बरे होण्याचे वचन मिळाले आहे. थांबू का?

थांबू नका. हिज्कीया राजाला देवाने स्वतः पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून दिले, तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. वचन आणि औषध त्या एकाच खोलीत होते. डॉक्टरांना विचारा : किती दिवस थांबणे सुरक्षित आहे, न केल्यास काय होईल, दुसरा उपाय आहे का. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. उपास करायचा विचार असेल तर त्यांना आधी सांगा. मधुमेह असेल, गरोदर असाल किंवा रोजची औषधे चालू असतील, तर जेवण सोडण्याऐवजी फोन, बातम्या यांचा उपास करा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी पुष्कळ प्रार्थना करून, सल्ला घेऊन शहर बदलले. सगळे फसले. देवाची इच्छा माझ्या हातून निसटली का?

परिणामावरून असे ठरवता येत नाही. पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायला मनाई झाली, बिथुनियाची वाट बंद झाली, मग त्रोवसात रात्री दृष्टांतात मासेदोनियाचा माणूस दिसला. सगळ्यांनी मिळून अर्थ काढला आणि निघाले. याहून स्पष्ट मार्गदर्शन कोणते? आणि फिलिप्पैत पोहोचल्यावर फटके बसले, पाय खोड्यात अडकले. तुरुंगात पडल्यावर ‘चुकलोच’ असे त्यांनी म्हटले नाही, ते स्तोत्रे गात होते.

तीन वर्षांपूर्वी तुम्हांला काय ठाऊक होते आणि काय नव्हते, ते दोन रकान्यांत लिहा. जे ठाऊकच नव्हते त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. जे ठाऊक असून दुर्लक्षिले, ते प्रभूपुढे कबूल करा आणि सोडून द्या. मग आजचा प्रश्न नव्याने मांडा : इथेच राहायचे, परत जायचे, की तिसरीकडे? ‘एवढे सोसले, आता मागे कसे फिरू’ हा मुद्दा कागदावर येऊ देऊ नका. झालेला खर्च दोन्ही वाटांना सारखाच आहे.

सोडलेल्या दारांचेही मनाला फार लावून घेऊ नका. २ करिंथकरांस २ मध्ये पौल सांगतो की त्रोवसात प्रभूने त्याच्यासाठी दार उघडले होते, पण त्याचा सहकारी तीत भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना आणि तो निरोप घेऊन मासेदोनियाला निघून गेला. उघडे दार सोडून गेला, आणि त्याबद्दल कुठे माफी मागितलेली नाही. पुढे मासेदोनिया आणि ग्रीस करून परतताना तो पुन्हा त्रोवसात आला. तिथे मंडळी होती. तो सात दिवस राहिला आणि शेवटच्या रात्री माडीवरच्या खोलीत, पुष्कळ दिवे लावून, पहाटेपर्यंत त्यांच्याशी बोलत बसला.